मी चालले, ती का नाही?

लोणी काळभोर

प्रिय ताई,


तुकोबांची पालखी लोणीचा मुक्काम आटोपून यवतकडे गेली. यंदाही आपली पडवी वारकऱ्यांनी भरली होती. आईंनी एका म्हातारीचे पाय गरम पाण्याने धुतले, पोटऱ्यांना तेल चोळलं आणि वर तिच्याच पाया पडल्या. ती कुठली, कोणाची, कुणी विचारलं नाही. भाकऱ्या थापता थापता वाटलं, या घरात येऊन मी नशीब काढलं.

चारच दिवसांनी त्याच पडवीत भावजींच्या लग्नाचा विषय निघाला. मुलगी त्यांनीच पसंत केलीय. आपल्याच गावची, शाळेपासूनची ओळख, चांगली नोकरी. अण्णांचा पहिला प्रश्न, ‘त्यांच्यातली ना ती?’ मग शहाण्णव कुळी निघाली, देवक निघालं, पाहुणेरावळे काय म्हणतील तेही निघालं. आईसुद्धा मान डोलावत होत्या.

ताई, मी बर्लिनची. मला ना कुळी, ना देवक. तरी मी चालले! हळदीकुंकवाला मला कौतुकाने मिरवतात. आणि चार गल्ल्या पलीकडची, हरिपाठ तोंडपाठ असलेली मुलगी चालत नाही. विचार करकरून एवढंच उमगलं, की तुमच्या उतरंडीत मी कुठेच बसत नाही, म्हणून माझ्यामुळे काही बिघडत नाही. तिची जागा मात्र आधीच ठरलेली. ती उंबरठा ओलांडून आली, तर अख्खी उतरंडच हलते.

‘परकीला सगळंच खटकतं,’ असं अण्णा म्हणाले. पण इरावती कर्वे काही परक्या नव्हत्या. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर त्या चालल्या. दिंडीत भजन एकत्र आणि जेवणं वेगवेगळी, हे त्यांनी ‘वाटचाल’मध्ये लिहून ठेवलंय. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. ते दार दलितांना उघडावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे माझा प्रश्न इथलाच आहे, मी काही तो जर्मनीहून आणलेला नाही.

माझ्या लग्नाच्या वेळी तुम्हीच अण्णांशी भांडलात. आता रविवारी फोन करा आणि तेव्हा जे बोललात तेच बोला, फक्त नाव बदला. ते म्हणतील, ‘तुझ्या वहिनीचं वेगळं होतं.’ काय वेगळं होतं, ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.

तुमची,
भावजय