मांडवाबाहेर

आई गेली त्याला दहा महिने झाले होते. धाकट्या बहिणीचे लग्न आधीच ठरलेले होते. ते आणखी लांबवू नये, असे बाबांचे मत पडले. वसईतील आमच्या गावच्या चर्चमध्ये विवाहविधी शांतपणे पार पडला. संध्याकाळी मात्र मांडवात बँडचे सूर उमटले आणि आत्या, मावश्या, शेजारणी एकमेकींचे हात धरून नाचू लागल्या. मी उठून विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. वर्ष सरण्यापूर्वी नाचणे ही आईशी प्रतारणा आहे, असे मला वाटत होते.

या भावनेला धर्माचाही आधार आहे, असा माझा समज होता. गुडघे टेकणे, हात जोडणे, मान लववणे एवढीच भक्ती माझ्या शरीराला ठाऊक होती. वस्तुतः बायबल इतके संकोची नाही. समुद्र पार केल्यावर मिर्याम हाती डफ घेते आणि स्त्रिया नाचत तिच्यामागे निघतात. कराराचा कोश यरुशलेमेत आणताना दावीद राजा देहभान विसरून नाचतो. खिडकीतून पाहणारी त्याची पत्नी मीखल मात्र मनातून त्याचा तिरस्कार करते. लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या पुत्राची कथा आहे. तीत थोरल्या भावाच्या कानी घरातील गाण्यानाचण्याचा आवाज पडतो आणि तो रागावून बाहेरच थांबतो. त्याची समजूत घालण्यासाठी बाप स्वतः बाहेर येतो.

माझे बाबाही बाहेर आले. “आत चल, बाळ.”

“आईला जाऊन अजून वर्षही झालं नाही, बाबा.”

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणूनच चल. तिच्या वाटचं कोण नाचणार?”

जन्मभर शिक्षकी केलेल्या, वरातीतही ताठ मानेने चालणाऱ्या बाबांनी माझा हात धरला. मी आत गेले, नाचू लागले आणि नाचता नाचताच हुंदका फुटला. बँड थांबला नाही. कोणी मला बाजूलाही नेले नाही. एका मावशीने पदराने माझे डोळे पुसले आणि हात न सोडता मला फेरात ओढून घेतले.

पुढे अनेक वर्षांनी मी सुरियानी भाषेचा अभ्यास करू लागले. येशूच्या बोलण्यातील अरामीशी तिचे जवळचे नाते आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात बाजारात बसलेली मुले सोबत्यांविषयी तक्रार करतात: आम्ही वाजवले तरी तुम्ही नाचला नाहीत, आम्ही विलाप केला तरी तुम्ही शोक केला नाहीत. पेशित्ता या प्राचीन सुरियानी भाषांतरात येथील ‘नाचणे’ आणि ‘शोक करणे’ ही दोन्ही क्रियापदे र-क-द या एकाच धातूची रूपे आहेत. शब्दांच्या साम्यावर तत्त्वज्ञानाचे इमले उभारू नयेत, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावते. तरीही त्या दिवशी पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले.

थोरला भाऊ अखेर आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. मी गेले, कारण कोणीतरी बाहेर येऊन माझा हात धरला होता.