तुणतुण्याला काय कळतंय?

क्लासिकल आणि फ्लेमेंको अशा दोन गिटारी शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळणार नाही. दोन्हींना नायलॉनच्या सहा तारा, लांबीही साधारण तीच, ६५० मिलिमीटर. गेल्या महिन्यात पुण्यात एका मित्राकडे दोन्ही वाजवून पाहिल्या (वाजवल्या म्हणणं जरा धाडसाचंच!) तेव्हा पहिला फरक हाताला कळला. फ्लेमेंको एकदम हलकी.

कारण लाकूड. क्लासिकलची पाठ आणि बाजू बहुतेक वेळा शिसवी, बरेचदा चक्क आपल्या दक्षिण भारतातली. जड, घट्ट लाकूड. सूर छेडला की रेंगाळतो. फ्लेमेंकोची पाठ परंपरेनं सायप्रसची, पातळ आणि फिक्या रंगाची. तिचा सूर फटकन येतो अन् फटकन विझतो. तारा फ्रेटबोर्डच्या इतक्या जवळ की जोरात झोडलं की खरखरतात. ती खरखर चालते, नव्हे, हवीच असते. आणि पोटावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला, कारण वादक मधेच बोटांनी तिथे ठोके देतो. पापुद्रा नसेल तर लाकडाचं वाटोळं.

हे असं का, तर ही गिटार बसते कोणाशेजारी ते बघा. नाचणाऱ्यांच्या टाचा, टाळ्या, खडा गळा. माईक नव्हते तेव्हा त्या दणदणाटात रेंगाळणारा सूर घेऊन करायचं काय? शिवाय सायप्रस स्पेनमध्ये घरचंच, स्वस्त. आजच्या गिटारचा आराखडा ज्याच्या नावावर जातो तो अंतोनियो द तोर्रेस (१८१७-१८९२) दोन्ही लाकडांच्या गिटारी बनवायचा. म्हणजे एक चांगली अन् दुसरी तिची गरीब बहीण, असा मामला नाही. कामं वेगळी.

हे सगळं मित्र सांगत होता आणि माझ्या डोक्यात आपलं तुणतुणं वाजायला लागलं.

मी धाराशिवचा. आमच्याकडे लग्न झालं की तुळजाभवानीचा गोंधळ. चौक भरायचा, दिवटी पेटवायची, संबळ कडाडायला लागला की शेजारचं पोरगंसुद्धा जागं. त्या संबळाच्या बाजूला तुणतुणं. लाकडी नळकांडं, बुडाला कातडं, बाजूला ठोकलेली काठी, वर खुंटी आणि एकच तार. संपलं.

आता मिरजेचा तानपुरा घ्या. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, तारा चार, घोडीवर तारेखाली दोरा सरकवून काढलेली जवारी. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, छानच झालं. गाणाऱ्यामागे सूर धरून ठेवायचं काम दोघांचंही. पण तानपुऱ्याला लय सांभाळायची नसते. तुणतुणं सूर धरता धरता ठेकाही देतं, आणि तेही संबळाला लागून उभं राहून. तिथे तानपुरा ठेवला तर ऐकूच येणार नाही. कातड्यातून निघणारा तो टणटणीत, आखूड आवाज मात्र बरोबर फटीतून बाहेर येतो.

पण आपल्याला मोजायची पट्टी एकच माहीत. आपली भाषा बघा ना, कोणी तेच ते बोलायला लागलं की आपण म्हणतो, लावलं याने तुणतुणं!

दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नात बिदागीवरून घासाघीस झाली. मंडपाच्या लायटिंगवर कोणी चकार शब्द काढला नव्हता, पण गोंधळी मात्र चाराऐवजी तीन आले. कमी केला तो तुणतुणेवाला. 'त्याला काय कळतंय?' एक काका म्हणाले. गोंधळ झाला, पण मधे मधे संबळ थांबला की गाणारे म्हातारबाबा सूर शोधत होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. आईला फोनवर सांगून ठेवलंय, चार माणसं सांग, चौथ्याची बिदागी मी देतो. आकडा सांगितला.

"तुणतुण्याला एवढे?" आई म्हणाली.