पंजातला रुपया

लहान मुलाच्या हातात पहिल्यांदा नाणे पडते, तेव्हा ते त्याला पैसा म्हणून ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने ते एक चकचकीत, वाटोळे आणि खणखणणारे खेळणे असते. ते फरशीवर गरगर फिरवावे आणि कपाटाखाली घरंगळले की आईच्या मागे लागावे, एवढाच त्याचा उपयोग! या खेळण्याला मोल असते ही गोष्ट त्याला पुष्कळ उशिरा कळते. आणि कळली तरी ती चटकन पटत नाही.

अशा मुलापुढे एका बाजूला पाच रुपयांचे एक नाणे आणि दुसऱ्या बाजूला एकेक रुपयाची चार नाणी ठेवून पाहावे. ते बहुधा चार नाण्यांवरच झडप घालते. त्याचे चुकते असे तरी कसे म्हणावे? चार गोट्या एका गोटीहून अधिक, चार आंबे एका आंब्याहून अधिक, हेच तर त्याला आजवर शिकवलेले असते. नाण्यांच्या राज्यात मात्र हा नियम मोडतो. तेथे संख्या वेगळी आणि किंमत वेगळी. आकारावरही विसंबून चालत नाही. कारण दोन रुपयांची काही नाणी पाच रुपयांच्या नाण्याहून मोठी असतात.

म्हणून जाणते शिक्षक घाई करीत नाहीत. पाचाच्या नाण्याशेजारी ते एकेक रुपयाची पाच नाणी ओळीने मांडतात आणि ‘हे पाच भाऊ मिळून हा एक दादा’ असे सांगतात. मग मिसळलेली नाणी निवडून त्यांचे ढीग करायचे आणि मोठ्या किमतीच्या नाण्यापासून मोजत यायचे : दहा, पंधरा, सतरा, अठरा. शेवटी वर्गात लुटुपुटीचे दुकान लागते. तेरा रुपयांच्या वहीसाठी गिऱ्हाइकाने वीस रुपयांची नोट पुढे केली, तर चिमुकला दुकानदार वजाबाकी करीत बसत नाही. ‘तेरा’ म्हणून तो वही हातात देतो, एकेक रुपया ठेवीत ‘चौदा, पंधरा’ म्हणतो आणि पाचाचे नाणे ठेवून ‘वीस’ म्हणतो. हिशेब पुरा होतो, आणि गिऱ्हाइकालाही तो डोळ्यांनी दिसतो.

मुलांची ही अडचण एकदा सबंध देशाला पडली होती. पूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असत. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धतीची नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. काही काळ जुनी व नवी नाणी बाजारात एकत्रच नांदली. चार आण्यांचे नेमके पंचवीस नवे पैसे होत. पण एका आण्याचे होत सव्वासहा! पाव पैसा कोणी कोणाला द्यायचा? म्हणून कोष्टक ठरले : एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे.

त्या दिवसांतील एखादी भाजीवाली आजी डोळ्यांसमोर आणावी. तिची मेथीची जुडी एका आण्याची. तीन गिऱ्हाइकांनी एकेक जुडी नेली, तेव्हा तिच्या पदरात अठरा नवे पैसे पडले. शेजारणीने मात्र तीन जुड्या एकाच गिऱ्हाइकाला विकल्या आणि तिला मिळाले एकोणीस. आजी घरी आली ती कष्टी होऊनच. “तीन जुड्या तिच्या, तीन जुड्या माझ्या. मग माझा एक पैसा गेला कुठं?”

शाळेत जाणाऱ्या नातवाला प्रथम हसू आले. पण आजीने ती नाणी पदराने पुसली, पुन्हा मांडली, पुन्हा मोजली. आणि त्याचे हसू मावळले. उभ्या जन्मात बाजारात कोणी तिला फसवू शकले नव्हते. आज तिचा स्वतःच्याच मोजण्यावर विश्वास उरला नव्हता.

“आजी, तू आधी कशी मोजायचीस?” त्याने हळूच विचारले.

आजीने पंजा उघडला. बोटाची तीन पेरे आणि चौथे टोक असा तिचा अंगठा फिरला. एका बोटावर चार, चार बोटांवर सोळा. “हा असा अख्खा रुपया माझ्या पंजात मावायचा. तुमचे शंभर कुठं मावायचे रे, बाळा?”

नातू त्या पंजाकडे पाहतच राहिला. “आजी, एक बोट म्हणजे किती?”

“चार आणे. पावली.”

“आणि पावलीचे नवे पैसे पंचवीस!”

आजीने एकेक बोट मिटले. पंचवीस, पन्नास, पाऊणशे, शंभर. मूठ मिटली आणि रुपया पुन्हा तिच्या पंजात आला.

हरवलेला पैसाही मग सापडला. तो कोणी चोरला नव्हता. दर सुट्या आण्यामागे पाव पैसा गळत होता. तीन आणे एकत्र आले, की ते तीन पाव मिळून पौण पैसा होई आणि कोष्टक त्याला पुरता पैसा मानी. पुढच्या बाजारी आजीने आरोळी दिली, “चार जुड्या पावलीला!” तिचेही नुकसान नाही आणि गिऱ्हाइकाचेही नाही.

१ जून १९६४ पासून ‘नव्या पैशा’तला ‘नवा’ हा शब्द गळाला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणेही व्यवहारातून गेले. आज पुष्कळ व्यवहार मोबाइलवरच होतात आणि मुलांच्या हाती नाणे क्वचितच खणखणते. तरीही वर्गातले ते लुटुपुटीचे दुकान मोडू नये. मोठे दिसते ते मोलाचे असतेच असे नाही, आणि दिल्या-घेतल्याचा हिशेब दोघांनाही दिसला पाहिजे, हे तेथे हाताला कळते. शिकवणाऱ्यालाही तेथे एक धडा मिळतो : शिकणारा रिकाम्या हाताने आलेला नसतो. त्याचा पंजा आधी उघडून पाहावा. पुढची वाट पुष्कळदा तेथेच सापडते.