आजीचा मान

गेल्या माघात श्रीशांतादुर्गेच्या जत्रेसाठी आम्ही कवळ्यास गेलो होतो. अग्रशाळेत पंगतीला बसता बसता एका परिचित गृहस्थांनी शेजारच्या मंडळींना आमची ओळख करून दिली, "यांची आजी गोवा मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेली होती बरे!" मंडळींनी आमच्याकडे आदराने पाहिले. आम्ही मात्र काहीच बोललो नाही. पानावर वाढलेल्या भाताकडे पाहत राहिलो. त्या गप्प बसण्याची टोचणी अजून लागून राहिली आहे. ती जावयाची तर आजीची खरी हकीकत वाचकांपुढे ठेवल्यावाचून गत्यंतर नाही.

आजीचा जन्म १९०९ सालचा, अंत्रुज महालातला. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती बेळगावास आली. माहेरी जावयाचे म्हणजे लोंढ्याहून कॅसलरॉक आणि तेथून घाट उतरून कुळें, अशी आगगाडीची वाट. घाटावर एका सरकारची जकात, घाटाखाली दुसऱ्याची. दोन्हीकडे बोचकी सोडून दाखवावी लागत. आजी म्हणे, "बोचक्यात काय ते बघा, पण देवीच्या ओटीला हात लावू नका." आणि लावीत नसत. एकोणतिसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरात तीन मुले. पापड-सांडगे विकून तिने संसार ओढला आणि रात्री मुलांच्याच क्रमिक पुस्तकांवर स्वतः वाचावयास शिकली. पुढे सहासष्टाव्या वर्षी शेजारच्या तिघी बायका बरोबर घेऊन ती बदरीकेदार करून आली. दरड कोसळून मोटार अडली, तेव्हा 'पाय आहेत ना?' म्हणून चालू लागलेली पहिली तीच, असे त्या बायका सांगत.

पण तिच्या आयुष्यातले खरे धाडस १९५६ सालचे. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९५५ मध्ये, सेनापती बापट व नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले आणि पाठोपाठ तुकड्यांमागून तुकड्या जाऊ लागल्या. बेळगावातून जाणाऱ्या सत्याग्रहींसाठी गल्लीतल्या बायका भाकऱ्या भाजीत, त्यांत आजीही असे. १५ ऑगस्टला सरहद्दीवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. कित्येक जण परतले नाहीत. त्यानंतर आगगाडी बंद, सरहद्द बंद. माहेर तेथेच राहिले, पण वाट उरली नाही.

फाल्गुनात घाट चढून आलेल्या एका माणसाने निरोप आणला की आई अंथरुणाला खिळली आहे. आजीने कोणाला विचारले नाही. जांबोटीवरून कणकुंबी गाठली, माउलीला नारळ ठेवला आणि एका गवळी जोडप्याच्या सोबतीने रानातून घाट उतरून सत्तरीत पाऊल टाकले. वय सत्तेचाळीस, पायांत वहाणा नाहीत. पहाटे एका चौकीपाशी ती सापडली. दिवसभर व रात्रभर तिला पडवीत बसवून ठेवले. पाखल्याची भाषा तिला कळेना, तिची त्याला. सकाळी पाहऱ्यावर एक गोंयकार शिपाई आला. त्याने विचारले, कोठे चाललीस? ती म्हणाली, आईकडे. त्याने साहेबाला काय सांगितले कोण जाणे, पण तिला सोडले.

ती घरी पोचली तेव्हा आई शुद्धीवर होती. दारातली लेक पाहून म्हाताऱ्या माउलीने एवढेच विचारले, "जेवलें गो?" चौथ्या दिवशी लेकीच्या मांडीवर तिने प्राण सोडला. तेरावा करून आजी आल्या वाटेने परतली. "भीती नाही वाटली?" असे आम्ही लहानपणी विचारीत असू. ती म्हणे, "देवीलासुद्धा केळशीहून कवळ्याला यायला नदी ओलांडावी लागली होती. मग माझे काय!" सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हाची ती कथा आजी अशी सांगे, की जणू कालपरवा घडली आहे.

आता आमच्या लाजेची गोष्ट. १९८१ साली वडील निवृत्त झालेले, बहिणीचे लग्न तोंडावर आलेले आणि आम्ही नुकते नोकरीस लागलेले. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची योजना १९८० मध्ये विस्तारली होती; गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्यांनाही ती लागू होती. स्त्रियांना निदान तीन महिन्यांच्या कारावासाचा पुरावा लागे; कागद नसल्यास सहबंद्यांचे प्रमाणपत्र चाले. एक सद्गृहस्थ तशी सही देण्यास तयार झाले. आम्ही अर्ज सुवाच्य अक्षरात भरला, एका रात्रीचे चार महिने केले आणि अंगठ्याऐवजी सही करणाऱ्या आमच्या आजीपुढे मोठ्या अभिमानाने ठेवला.

तिने चष्मा लावला. पोथी वाचावी तसा अक्षर अक्षर अर्ज वाचला. मग विचारले, "हे चार महिने मी कुठे होते रे?"

आम्ही पुष्कळ समजावले. तुलाही धरले होतेच की. सरकारला काय कमी आहे. बहिणीचे लग्न आहे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी आईला भेटायला गेले होते. जे गेले ते माझ्या हातची भाकरी खाऊन गेले, आणि त्यांतले काही आले नाहीत. त्यांच्या रांगेत मी कशी बसू?" नंतर जरा थांबून, माहेरच्या बोलीत, "पुता, जाचो मान ताणेंच घेवचो."

देवळाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकांस या शब्दांचे वजन सांगावयास नको. जत्रेत कोणाचा मान कोणता, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. भुकेला मनुष्य प्रसाद मागून घेईल, पण दुसऱ्याच्या मानाच्या नारळाला हात लावणार नाही. आजीने देशाच्या कामालाही तोच नियम लावला. अर्ज तिने फाडला नाही. घडी करून पोथीत ठेवला. बहिणीचे लग्न तिच्या पाटल्या मोडून झाले.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हापासून ती पाय चालेनासे होईपर्यंत दर माघात कवळ्यास जात राहिली. सत्याऐंशीव्या वर्षी, १९९६ साली, ती गेली. पोथीतला तो अर्ज आजही आमच्यापाशी आहे. सहीची जागा कोरी आहे.

आमची आजी स्वातंत्र्यसैनिक नव्हती. ती आईला भेटावयास गेली होती. त्या पंगतीतील मंडळींपैकी कोणाच्या वाचनात हे आले, तर त्या दिवशीच्या आमच्या मौनाची त्यांनी क्षमा करावी.