इतर अधिकार

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसात वीकेंडचे प्लॅन ठरत होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. क्रेडिट कार्डवाला असणार, म्हणून कट करणार तेवढ्यात तो म्हणाला, 'मॅडम, तुमची पुरंदरची जमीन नुसती पडून आहे. द्यायची का?'

मी चाट! माझी जमीन?

तशी ती आहे. बाबा गेल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर आईचं अन् माझं नाव लागलं. सासवडच्या पुढे एक छोटीशी वाडी आहे, चार घरं आणि एक सामाईक विहीर. तिथं आमच्या वाटणीचा दीड एकर. म्हणजे साठ गुंठे. एक गुंठा १०८९ स्क्वेअर फुटांचा असतो, आणि मी भाड्यानं राहते तो फ्लॅट जेमतेम साडेपाचशेचा. म्हणजे मी जवळजवळ एकशे वीस फ्लॅटांची मालकीण, आणि दर महिन्याला घरभाडं भरताना माझा जीव जातो!

एजंटनं आकडा सांगितला. विमानतळाची बातमी आल्यापासून तिकडचे भाव चढलेत. आमची वाडी त्या सात गावांत नाही, पण भावाला कुठं गावाची शीव कळते? त्या आकड्यात टू बीएचकेचं डाऊन पेमेंट होऊन वर कारसुद्धा बसत होती. आईला विचारलं, तर म्हणाली, 'तुझं तू ठरव. पण सही करण्याआधी एकदा जाऊन ये.'

शनिवारी निघाले. दिवे घाट चढला की पुण्याचा पाऊस मागं राहतो. हा सगळा कऱ्हेकाठचा, कमी पावसाचा मुलूख. म्हणून तर इथं सीताफळ आणि अंजीर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, हे मी ऑफिसात फार ऐटीत सांगते. प्रत्यक्षात अंजिराच्या झाडाखाली मी शेवटची उभी राहिले होते ती बारावीच्या सुट्टीत.

जमीन 'पडून' अजिबात नव्हती. चुलत भाऊ, म्हणजे दादा, आमचा वाटासुद्धा कसतो. मार्च चालू होता, मीठा बहार ऐन भरात. वहिनी पाटीत पानं अंथरून त्यावर एकेक अंजीर मांडत होत्या. 'ताई, देठाजवळ हात लावू नका हं, चीक लागतो. खाज सुटंल.' सांगेपर्यंत सुटली होती!

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. दादानं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता भडकणार. टीव्ही सिरियलमध्ये भडकतात तसा. तो एवढंच म्हणाला, 'वीक की. तुझा हिस्सा हाय, मी कोण आडवणार? फकस्त इहिरीचा हिस्सा कागदात घालू नको.'

आणि नेमकं एजंटनं उलटं सांगितलं होतं. 'विहिरीचा हिस्सा धरूनच हा रेट आहे, मॅडम. पाण्याशिवाय रेट पडतो.'

मी मोबाइलवर सातबारा उघडला. वर सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, नावं. बाजूला एक बारकासा रकाना आहे, 'इतर अधिकार'. कर्जाचा बोजा वगैरे तिथं लिहितात, म्हणून मी तो कधी नीट वाचलाच नव्हता. त्यात होतं, विहिरीत हिस्सा एक अष्टमांश.

'म्हणजे किती पाणी?' मी विचारलं.

'आठ दिसात एक दिस,' दादा म्हणाला. चार घरं, प्रत्येकाची पाळी दोन दिवसांची. आमच्या घरात पहिला दिवस त्याचा, दुसरा आमचा. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी आणि बाकीच्या तिघांनी मिळून ही विहीर खोदली, तेव्हापासून पाळी चालत आली आहे. 'आन् आज तुझाच दिस हाय. येती का दारं धराया?'

त्या आठवड्यात थ्री फेज लाइट रात्रीची होती. साडेबाराला आली. दादानं मोटर टाकली आणि आम्ही कांद्यात उतरलो. तो फावड्यानं एका वाफ्याचं दार मोडायचा, भरला की लावायचा. मी बॅटरी धरून उभी. बिबट्या, साप, गारठा, सगळ्याची भीती एकदम वाटत होती. ऑफिसातल्या नाइट शिफ्टला एसी, कॉफी आणि घरी सोडायला कॅब असते हो!

तीनच्या सुमारास आपला कांदा निम्माच भिजला होता, आणि दादानं पाणी शेजारच्या रानाकडे वळवलं.

'अरे, आपलं राहिलंय ना?'

'त्यो दवाखान्यात हाय. त्याची पाळी बुडाली. कांदा मान टाकाय लागलाय.' मग तिकडचे वाफेही दादानंच भरले, पहाटेपर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. वाडीत याला सावड म्हणतात. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या.

'पण हे पाणी कुणाच्या हिश्शातलं गेलं?'

'तुझ्या,' दादा हसला. 'आज तुझा दिस न्हाय का?'

मी परत येताना घाटभर तोच विचार करत होते. माझे साठ गुंठे कुणीतरी घेईल, फार्महाऊस बांधेल, लॉन लावेल. माणूस चांगलाच असेल, अगदी तुमच्या-माझ्यासारखा. पण आठवा दिवस त्याचा झाला की ते पाणी लॉनला जाईल. शेजारचा दवाखान्यात आहे हे त्याला कळणारच नाही, कारण तो फक्त रविवारी येणार. मी तरी कुठं वेगळी आहे? मलाही त्या रात्रीपर्यंत काहीच ठाऊक नव्हतं.

सोमवारी एजंटला सांगितलं, विहिरीचा हिस्सा मिळणार नाही. त्याचा पुन्हा फोन आला नाही. टू बीएचके लांबलंय. पुढंमागं अडचण आली तर जमीन विकावीही लागेल, उगाच मोठ्या शपथा कशाला घेऊ? पण तो बारका रकाना विकायचा नाही, एवढं ठरलंय.

आता दर आठव्या दिवशी दादाचा फोन येतो. परवा मी मीटिंगमध्ये होते, बाजूच्या मैत्रिणीनं फोन उचलला. तिनं काचेच्या दारातून डोकं आत घातलं आणि सगळ्यांसमोर निरोप दिला, 'अगं, तुझ्या दादाचा फोन होता. आज तुझी पाळी आहे म्हणाला!'

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मी म्हटलं, 'हो, आहे. त्याला सांग, कांदा आधी भिजव.'