आवाज क्लचचाच होता

फोन इंजिनाजवळ धरून मी बाबांना आवाज ऐकवला. पुण्यात रात्रीचे साडेनऊ, इथे होटनला सकाळचे अकरा आणि गॅरेजमध्ये उणे चौदा. पत्र्याच्या डब्यात सुटे पैसे टाकून कोणी हलवत बसावं, तशी खडखड.

"कार्ब्युरेटर साफ केलास का?" बाबांनी विचारलं.

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतोय. आमच्या कायनेटिक होंडाला काहीही झालं, सकाळी चालू होईना, ॲव्हरेज पडलं, चढावर दम लागला, तरी बाबा आधी कार्ब्युरेटर उघडून फडक्यावर मांडत.

"बाबा, आवाज क्लचमधून येतोय. कार्ब्युरेटरचा काय संबंध?"

"मग बघ बाबा तूच. इंजिनिअर तू आहेस."

मिशिगनच्या उत्तर टोकाच्या या भागात स्नोमोबाईलला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही, नुसतं 'स्लेड'. १९७८-७९ च्या हिवाळ्यात इथे ३९० इंच बर्फ पडला होता. रस्त्याकडेला एक उंच खांब उभा करून त्यावर तो आकडा मिरवलाय. होटन आणि हॅनकॉकच्या मधल्या उचलत्या पुलाचा खालचा मजला थंडीत स्लेडसाठी मोकळा असतो. अशा गावात मीही एक जुनी स्लेड घेतली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर. पहिला हिवाळा झकास गेला. एप्रिलमध्ये तिच्यावर ताडपत्री टाकली आणि तिला विसरून गेलो. डिसेंबरात बाहेर काढली तेव्हा ही खडखड.

माझं निदान पाच मिनिटांत झालं, कारण हे यंत्र मला पाठ होतं. निदान मला तसं वाटत होतं. कायनेटिकला गिअर नव्हते. पुढे व्हेरिएटर, मागे क्लच, मध्ये बेल्ट. बेल्ट पुढच्या पुलीत कायम धरलेला असतो आणि गाडी सुटते ती मागच्या क्लचमुळे. स्लेडमध्ये ही दोन्ही कामं इंजिनाच्या दांड्यावर बसलेला पुढचा ड्राइव्ह क्लचच करतो. इंजिन नुसतं सुरू असताना त्याच्या दोन तबकड्या फाकलेल्या असतात आणि बेल्ट मध्ये सैल लोंबत असतो. साडेतीन-चार हजार फेऱ्यांच्या आसपास आतली वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंग दबते, सरकती तबकडी पुढे येते आणि बेल्ट चिमटीत सापडतो. म्हणजे आयडलिंगला आतले भाग बऱ्यापैकी मोकळे असतात. रेस दिली की आवळले जातात.

माझा आवाजही नेमका आयडलिंगलाच यायचा आणि रेस दिली की गायब. याहून स्वच्छ पुरावा काय हवा? क्लचच्या आत सरकत्या तबकडीला आधार देणारी प्लास्टिकची बटणं असतात. ती झिजली की भाग एकमेकांवर आपटतात. झिजली असणार. खटला निकाली.

एक गोष्ट मात्र तेव्हाही कानावर येत होती. आयडलिंग लंगडत होतं. दोन पावलं नीट आणि तिसरं ओढत, असं काहीतरी. थंडी आहे, गरम झाली की सुधारेल, असं म्हणून मी तिकडे काणाडोळा केला. गुन्हेगार सापडल्यावर आणखी साक्षी कोण तपासतो?

आधी बेल्ट बदलला, कारण ते सोपं होतं. सव्वाशे डॉलर. खडखड तशीच. मग आयडलिंगचा स्क्रू पिळून फेऱ्या वाढवल्या. आवाज थांबला! त्या संध्याकाळी मी घरात फार खुशीत होतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्लेड सुरू करून हातमोजे शोधायला वळलो, तर मागून ती हळूहळू चालायला लागलेली. नवा बेल्ट जाड आणि कडक, त्याचा ताण मी तपासलाच नव्हता. त्यात फेऱ्या वाढवलेल्या. तबकड्यांना तो घासायला लागला आणि गाडी निघाली फिरायला. कचऱ्याचा मोठा डबा आडवा होता म्हणून भिंत वाचली. आमच्या मुलीला फार मजा वाटली. मी स्क्रू परत जागेवर आणला आणि क्लच उघडायचं ठरवलं.

तिथून पुढचं लिहिताना अजून कानशिलं गरम होतात. ड्राइव्ह क्लच निमुळत्या दांड्यावर घट्ट रुतलेला असतो. बोल्ट काढला म्हणून तो सुटत नाही. त्या त्या क्लचच्या मापाचा पुलर लागतो. मी सगळ्यांना चालतो म्हणणारा स्वस्त पुलर मागवला. आटे बसले, पण टोक दांड्यापर्यंत धड पोचेना. मी पाना आणखी लांब केला. मग हातोडी. मग, देवा, मोठा स्क्रूड्रायव्हर तबकडीच्या मागे घालून तरफ दिली. 'टक्' असा बारीक आवाज आला आणि ॲल्युमिनियमच्या कडेचा करंगळीच्या नखाएवढा टवका जमिनीवर पडला. क्लच निघाला, पण आठ हजार फेऱ्यांनी गरगरणारी तबकडी कडेला टवका उडालेली असेल तर ती पुन्हा बसवायची नसते, एवढं मलाही कळत होतं. सगळ्यांत वाईट म्हणजे आतली बटणं ठीकठाक होती. थोडी झिजलेली, पण एवढा तमाशा करण्याइतकी नव्हेत.

ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही. तिला सांगितलं, "अपेक्षेपेक्षा जास्त खराब होता." दोनशे डॉलर देऊन त्याच मॉडेलचा वापरलेला क्लच आणला. बसवताना दांड्याला ग्रीसचा हात फिरवला, पुन्हा काढायला सोपं जावं म्हणून. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळला, स्लेड सुरू केली.

खडखड. तीच, त्याच तालात.

शेजारचे आजोबा फिनिश घराण्यातले. त्यांच्या वडिलांनी इथल्या तांब्याच्या खाणीत काम केलं होतं. माणूस आठवड्याला दहा वाक्यं बोलत असेल. ते फावडं टेकवून दारात उभे राहिले आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मी भराभर सगळं सांगत होतो: बटणं, वजनं, बेल्ट. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. इंजिन बंद करायला लावलं, पूर्ण गार होऊ दिलं. पुन्हा सुरू केल्यावर मिनिटभराने दारातला मूठभर बर्फ उचलला आणि दोन सिलिंडरमधून निघणाऱ्या धुराच्या दोन नळ्यांवर एकेक चिमूट ठेवला.

एका नळीवर चर्र झालं, तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखं. दुसऱ्या नळीवरचा बर्फ निवांत बसला, कडेने ओला झाला आणि घरंगळला.

"एकच चालतंय," ते म्हणाले.

मी जमिनीवरच बसलो. आयडलिंगला एक सिलिंडर पेटतच नव्हतं. त्यामुळे दांडा सारखा फिरण्याऐवजी दर फेरीला एक धक्का आणि एक खंड असा फिरत होता, आणि त्याच्यावर बसलेल्या जड क्लचचे मोकळे भाग प्रत्येक धक्क्याला एकमेकांवर आपटत होते. कोणताही क्लच बसवला असता तरी आपटलेच असते. रेस दिली की पेट्रोल वेगळ्या वाटेने येतं, ते सिलिंडरही जागं होतं आणि खडखड थांबते. माझा स्वच्छ पुरावा दोन्हीकडून खरा होता. मी एकाच बाजूने वाचला.

कार्ब्युरेटर उघडले. आयडलिंगला पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचं भोक केसाइतकं. डावं उजेडासमोर धरलं तर सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका दिसला. उजव्यात अंधार. आत मधासारखा पिवळा, चिकट थर बसला होता. एप्रिलमध्ये मीच टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल तसंच सोडलं होतं, आठ महिने. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते ओल धरतं, आणि शिळं पेट्रोल राळेसारखं साकळतं. साफ करायला अर्धा तास आणि स्प्रेचा एक डबा लागला.

आजोबांनी जाताना क्लचकडे बोट केलं. "दांड्याला काही लावलं नाहीस ना?" मी ग्रीसचं सांगितलं. ते पुन्हा आत आले. तो निमुळता दांडा कोरडाच हवा असतो. घर्षणावरच पकड असते. ग्रीस असलं तर त्याच जोरात आवळलेला क्लच प्रमाणाबाहेर वर चढतो आणि मधला भाग तडकू शकतो. त्यांनी घरून स्वतःचा पुलर आणला, त्याच्या आट्यांना टेप गुंडाळली, भोकात ग्रीस ठासून भरलं आणि पाना फिरवला. कोंडलेल्या ग्रीसच्या दाबानेच क्लच 'फट्' करून सुटून आला. हातोडी लागली नाही. मी कोपऱ्यातला टवका उडालेला क्लच पायाने हळूच ताडपत्रीखाली सरकवला. त्यांनी ते पाहिलं, पण बोलले काही नाहीत.

दांडा पुसून कोरडा केला, क्लच बसवला. दोन्ही सिलिंडर सुरात. खडखड गेली, अगदी कान लावला तर जरा किणकिण येते, पण ती जुन्या क्लचला असतेच म्हणतात.

रविवारी बाबांचा फोन आला. "तुझ्या त्या गाडीचं काय झालं रे?"

"झाली नीट."

"काय होतं?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी केलेला मला ऐकू आला.

"क्लच," मी म्हणालो.