पांच प्रश्नांचा कागद

मनुष्य आपल्या दांतदुखीचें वर्णन चारचौघांत रंगवून करतो, मूळव्याधीचेंही आढेवेढे घेत कां होईना करतो. परंतु शिश्नाची ताठरता कमी झाली, हें वैद्यास सांगतांनाही त्याची जीभ रेटत नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' काढून अशा गोष्टींस वाचा फोडली. परंतु आम्हां पांढरपेशांचा संकोच अद्यापि पुरता ओसरलेला नाहीं.

मधुमेहाच्या सातव्या वर्षीं हा प्रसंग आमच्यावर आला, तेव्हां डॉक्टरांनीं कांहीं न बोलतां एक कागद पुढें ठेवला. प्रश्न पांचच: आत्मविश्वास किती, ताठरता प्रवेशास पुरेशी होते काय, प्रवेशानंतर टिकते काय, शेवटपर्यंत टिकविणें कितपत अवघड जातें, आणि समाधान कितीदां लाभतें. उत्तर आंकड्यावर खूण करून द्यावयाचें. जें वाचेस साधलें नव्हतें तें पेन्सिलीनें सहज केलें.

रेमंड रोझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं पंधरा प्रश्नांची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली प्रसिद्ध केली. १९९९ मध्यें तिचेंच हें पंचप्रश्नी रूप निघालें. कमाल गुण २५. २२ वा अधिक पडले तर विकार नाहीं असें समजतात. ७ वा त्याहून कमी पडले तर तो तीव्र. लहान कागद मागील सहा महिन्यांचें विचारतो, म्हणून निदानास सोयीचा; मोठा केवळ चार आठवड्यांचें विचारतो, म्हणून औषधाचा गुण येतो कीं नाहीं हें पाहण्यास तो बरा.

तथापि आंकडा कारण सांगत नाहीं. रक्तवाहिन्या, मधुमेह, एखादें औषध कीं मनांतील काळजी, याचा शोध निराळाच घ्यावा लागतो. कधीं कधीं हा विकार हृद्रोगाची पूर्वसूचना असतो. म्हणून रक्तदाब व साखर तपासणें अगत्याचें. शिवाय ज्याचा संबंधच घडला नाहीं, अशा विधुरासही कमी गुण पडतात. तेवढ्यावरून तो रोगी ठरत नाहीं.

आमच्या कुटुंबानें तो कागद वाचून एवढेंच विचारलें, "यांत माझ्यासाठीं प्रश्न कोठें आहे?" तो खरोखरच नाहीं. परंतु त्या निमित्तानें कित्येक महिन्यांचें मौन सुटलें, हा लाभ कोणत्याही गुणसंख्येंत मांडतां येणार नाहीं. ज्या वाचकांस असा कागद कधीं मिळेल त्यांनीं तो खरेपणानें भरावा, आणि घरीं नेऊन दाखवावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.